गार पाण्याचा ढीग

त्या शनिवारी वाचनाला कोणी उशीर केला नाही. एरवी थोरला मुलगा भट्टी विझवायच्या निमित्ताने खाली धुलाईघरात रेंगाळायचा आणि धाकट्याला नेमका त्याच वेळी कोणाचा तरी फोन यायचा. आज मात्र दिवेलागणीलाच सगळे वरच्या खोलीत टेबलाभोवती येऊन बसले होते. ताटं मांडलेली नव्हती. टेबलावर चर्चच्या मंडळीचं, प्रभुभोजनाच्या विधीला अंथरायचं पांढरं कापड पसरलं होतं. जिथे पेला ठेवतात तिथे त्यावर एक फिकट तपकिरी डाग होता. दुधाच्या चहाचा थेंब पडावा तेवढाच.

डाग रक्ताचा होता. मागच्या रविवारी उपासनेसाठी फुलं मांडताना एका बाईंच्या बोटात गुलाबाचा काटा गेला. रक्त गार पाण्यात भिजवलं तर निमूट निघून जातं. गरम पाण्यात घातलं तर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं आळतं आणि धाग्याला असं चिकटतं की कापड विरलं तरी सोडत नाही. ह्या घरातली मुलं हे अक्षरं शिकायच्या आधी शिकत. तरीही सोमवारी हे कापड गरम पाण्याच्या ड्रममध्ये गेलं, आणि वर रोलरखालून कडक इस्त्री होऊन बाहेर आलं. मंडळीचं कापड धुणं ही ह्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा होती. कापडाच्या कडेची वेलबुट्टी आप्पांच्या आईच्या हातची होती.

थोरल्याने मनाशी निकाल लावून टाकला होता. ढीग लावायचं काम वडिलांचं, आप्पांचं. खिडकीखालच्या लांब टेबलाशी बसून ते आलेलं प्रत्येक कापड उलटसुलट बघत आणि गार पाण्याचा एक, गरमचा एक असे ढीग करत. गरमचा ड्रम भरायची धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको. आप्पांच्या नजरेतून डाग सुटणं शक्य नव्हतं. म्हणजे धाकटीनेच गडबडीत गारच्या ढिगातलं कापड गरममध्ये कोंबलं.

"ते गरमच्याच ढिगात होतं, दादा," असं ती एकदाच म्हणाली होती. पुढे गप्प. त्या गप्प बसण्याचाच थोरल्याला जास्त राग आला होता. भांडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

आप्पा आतून कागद घेऊन आले आणि चष्म्याशिवाय वाचायला बसले. ही त्यांच्या अभिमानाची गोष्ट होती. गेल्या वर्षी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांची जवळची नजर अचानक सुधारली. बारीक अक्षर लागायला लागलं, सुईत दोरा जायला लागला. चष्मा खणात गेला तो गेलाच. मंडळीच्या साप्ताहिकात त्यांचं 'रोजची पायरी' हे सदर असे. त्यात त्यांनी 'परत मिळालेले डोळे' असं चिंतन लिहिलं. ते वाचून लोक उपासनेनंतर त्यांचे हात हातात घेऊन रडले होते.

सदर त्यांच्या वडिलांनी सुरू केलं होतं आणि वडिलांनीच नियम घालून दिला होता. रोजच्या जगण्यातून शिकवण काढायची तर उदाहरणं घरातलीच येणार. म्हणून छापायला देण्याआधी शनिवारी सगळ्यांपुढे वाचायचं. ज्याला स्वतःची ओळख पटेल त्याने म्हणायचं, 'तो मी.' मग त्याला एक वाक्य बदलून मिळेल. नियम दिसायला उदार होता. पण तक्रार करायची तर आधी कबूल करावं लागे, त्यामुळे सगळे छताकडे बघत बसत आणि रविवारी मंडळीतले लोक त्यांना अचूक ओळखत.

आप्पांनी घसा साफ केला.

"'एका धुलाईघरात एक तरुण स्त्री काम करीत असे. ती चलाख होती, मनाने निर्मळ होती. पण तिचे हात नेहमी तिच्या डोळ्यांच्या पुढे धावत. एके दिवशी तिने थंड पाण्याचे वस्त्र घाईत गरम पाण्यात टाकले. जो डाग सहज गेला असता, तो कायमचा बसला.'"

इथे ते थांबले. "हा तो डाग," असं म्हणून त्यांनी कापडावर बोट टेकवलं आणि पुढे वाचू लागले.

"'आपणही असेच करतो. दुसऱ्याची चूक दिसली की आपण तिच्यावर रागाचे आधण ओततो. शांतपणे भिजत ठेवली असती तर ती चूक निघून गेली असती. ती पक्की करतो आपणच. प्रभो, आमच्या हातांआधी आमचे डोळे चालू दे.'"

"वा," धाकटा म्हणाला. "सरळ नावच घाला की. पत्ताही घाला."

"नाव कुठे आहे?" थोरली म्हणाली. थोरल्याच्या ह्या बायकोचं इस्त्रीच्या खोलीवर राज्य होतं आणि तिचं बोलणंही घडी घातल्यासारखं असे. "एक तरुण स्त्री, एवढंच तर आहे. मीसुद्धा तरुण आहे."

"वहिनी, तसं छापलं तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी लागेल."

आईला हसू आलं. ते तिने पदराआड नेलं. थोरली हसली नाही.

"ह्यात काय चुकीचं आहे ते सांग," थोरला म्हणाला. "मी किती वेळा छापून आलोय! 'एक संतापी गृहस्थ.' मंडळीतली पोरं मला बघून रस्ता बदलतात. बोललो कधी?"

"बोलला नाहीस. दर वेळी खुर्ची आपटून उठलास."

"कारण ते खरं होतं!"

"आणि हे खरं नाहीये. ती सांगतेय ना, कापड गरमच्या ढिगात होतं म्हणून?"

"मग आप्पांनी ठेवलं म्हणतोस गरमच्या ढिगात? आप्पांनी?"

धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. तसं म्हणता येईल हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने दुसरीकडून सुरुवात केली.

"आप्पा, तुम्हीच लिहिलंय, चुकीवर आधण ओतू नये. हे छापणं म्हणजे काय मग? गार पाणी?"

आप्पांनी कागद खाली ठेवला. प्रश्न त्यांना लागला, आणि योग्यही वाटला. पण त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. तयार उत्तर असलं की ते जास्त विचार करत नसत. "नियम आहे," ते म्हणाले. "ज्याला ओळख पटली त्याने म्हणावं. ओळख पटली नसेल तर दुखलं कुठे?"

"ठीक आहे. मग माझंही ऐका. सोमवारी हे छापायला गेलं तर आम्ही दोघं निघालो. हिच्या वडिलांच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. त्यांना माणूस हवाच आहे."

"जा की," थोरला म्हणाला. "चष्मे विक."

"विकतो. तिथे निदान गिऱ्हाईक दिसत नाही म्हणूनच येतं."

आई उठली. "चहा टाकते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागून धाकटी गेली.

आई पातेल्यात पाणी मोजत उभी राहिली. वाचनाच्या वेळी तिने एक गोष्ट पाहिली होती. आप्पांनी 'हा तो डाग' म्हणून जिथे बोट टेकवलं तिथे डाग नव्हताच. डाग चांगला वीतभर उजवीकडे होता. मुलांना तो बोलण्याच्या भरातला हात वाटला. थोरली नवऱ्याकडे बघत होती. आईने वर पाहिलं, तेव्हा धाकटीही त्या बोटाकडेच पाहत होती. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" आईने विचारलं.

"आप्पांनी चष्मा ठेवून दिला तेव्हापासून." धाकटीने कप मांडायला घेतले. "आमच्या दुकानात अशी माणसं यायची, आई. फार खुशीत यायची. 'बघा, म्हातारपणी चष्मा सुटला!' बाबा आधी त्यांना खुर्चीवर बसवायचे, पाणी द्यायचे. मग सांगायचे."

"काय सांगायचे?"

"मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग मधोमध कडक होत जातं, मग जवळचं स्पष्ट दिसायला लागतं. काही महिने. लांबचं तेवढ्यात जातं, आणि सगळ्यावर पिवळट झाक येते. आपली आपल्याला ती कळत नाही. पांढऱ्यावरचं फिकट तपकिरी आधी दिसेनासं होतं."

आईने गॅस बारीक केला. "मला मोज्यांवरून कळलं. एक काळा, एक निळा घालून उपासनेला निघाले होते. मी म्हटलं, बदला. तर म्हणे, दोन्ही काळेच आहेत." ती थांबली. "तेव्हापासून ड्रम भरायच्या आधी मी खाली जाऊन ढीग परत बघते."

"माहीत आहे. मी एकदा लवकर आले होते खाली. तुमची पाठ होती, म्हणून परत वर गेले."

"सोमवारी मी दाढ काढायला गेले होते."

"तेही माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस? तो बडबडतोय इतका तुझ्यावर!"

"काय बोलू? 'दादा, माझं चुकलं नाही, आप्पांना दिसत नाही'? मला इथे येऊन दोन वर्षं नाही झाली."

आई पाण्याकडे बघत राहिली. तिने हे सगळं मनात कितीदा तरी उलगडून पुन्हा घडी घातलं होतं. आप्पांनी देवाचे आभार मानले होते, छापून, मंडळीपुढे उभं राहून. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की अहो, ते देणं नव्हतं, दुखणं होतं? आणि थोरल्याला कळलं तर तो त्याच दिवशी त्यांना ढिगाच्या टेबलावरून उठवेल. प्रेमाने उठवेल, पण उठवेल.

"त्या टेबलावरून उठवलं तर काय करतील ते दिवसभर?" ती म्हणाली.

"लिहितील."

"म्हणजे आपण सगळे गेलोच."

दोघीही हसल्या. मग धाकटीने विचारलं, "आई, नियमात 'तो मी' म्हणणाऱ्याला कोणी पुरावा मागतं का?"

"आजवर कोणी म्हणतच नाही, तर पुरावा कोण मागतोय? मी एकदा म्हटलं होतं, लग्न नवं होतं तेव्हा. 'बडबडी पत्नी' असं लिहिलं होतं ह्यांनी. मी म्हटलं, ती मी, आणि 'बोलकी' करा."

"केलं?"

"केलं. पण महिनाभर माझ्याशी मोजून बोलत होते."

बाहेर, टेबलाशी, आप्पांना मुलांच्या गप्प बसण्याचा कंटाळा आला होता. धाकटा जाईल असं त्यांना वाटत नव्हतं. मग जाईल असं वाटलं. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला आणि अक्षरं किती स्वच्छ दिसतात ह्याचं नेहमीचं समाधान घेतलं. चहा आला. धाकटीने सगळ्यांपुढे कप ठेवले आणि स्वतः न बसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा, ती मी," ती म्हणाली.

थोरल्याने 'बघा' म्हणून हात पसरले. धाकट्याने कप खाली आपटला. "अगं, काय चाललंय तुझं? तू तर म्हणालीस—"

"मला एक वाक्य बदलून हवंय."

"हक्क आहे तुझा," आप्पा म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं, आणि जरा वाईटही. त्यांनी पेन्सिल घेतली. "कोणतं?"

"'घाईत गरम पाण्यात टाकले.' तिथे 'घाईत' काढा. 'डाग न दिसल्यामुळे' असं लिहा."

"न दिसल्यामुळे?" थोरला म्हणाला. "तुझ्या वयाला? एवढा ढळढळीत डाग?"

"एवढंच हवंय मला, आप्पा."

आप्पांची पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. ते चांगले लेखक होते की नव्हते हे बाजूला ठेवू, पण शब्दाशब्दातला फरक त्यांना कळत असे. घाई ही स्वभावाची गोष्ट. न दिसणं ही डोळ्यांची. स्वतःवर दोष घेऊन ही मुलगी हलका दोष मागत नव्हती. मागायचाच तर 'घाईत'च्या जागी 'नकळत' मागितलं असतं. तिने डोळेच का मागितले? चष्मे करणाऱ्याची मुलगी, वय पंचविशीचं, सुईच्या अग्राएवढा ओरखडा भिंगावर शोधणारी.

मग त्यांनी सोमवार आठवून पाहिला. टेबल, खिडकी, रुग्णालयाच्या चादरी, मग हे कापड. वेलबुट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं होतं, आईची आठवण आली होती. त्यानंतर त्यांनी कापड कुठे ठेवलं? गारच्या ढिगात. असं ते आठवडाभर ठामपणे म्हणत होते. पण तो हात, तो ढीग, ते ठेवणं, काहीच आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की डाग असता तर आपण गारमध्येच ठेवलं असतं. त्यांनी आठवलं नव्हतं. अनुमान केलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "डाग कुठे आहे?"

थोरलीने एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा कापडाकडे, आणि तिचा चेहरा बदलला. टेबलाच्या कडेचा दिवा तिने उचलून कापडाजवळ आणून ठेवला.

धाकटीने आप्पांचं बोट धरलं आणि वीतभर उजवीकडे नेऊन टेकवलं. आप्पा वाकले. नाक कापडाला लागेपर्यंत वाकले. कापडाचा धागान्‌धागा त्यांना दिसत होता.

"इथे मला काहीच दिसत नाहीये," ते म्हणाले.

थोरला उभा राहिला. खुर्ची आपटली नाही. "आप्पा," एवढंच म्हणाला. संतापी माणसाचा राग अचानक काढून घेतला की त्याच्या हातांना काम उरत नाही. तो उगाच चहाचे कप एका ओळीत लावू लागला.

"मोतीबिंदू आहे," धाकटी म्हणाली. "निघतो, आप्पा. आता सोपं असतं ते."

"आणि वाचता येतं ते?"

"तेही त्यामुळेच."

आप्पांचं बोट कापडावरच होतं. "म्हणजे मी आभार कशाचे मानले?"

ह्या प्रश्नाची आईला वर्षभर धास्ती होती. प्रत्यक्षात तो आला तेव्हा तिला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "वाचता आलं त्याचे. आलं ना वाचता? मग ते खोटं कसं झालं?"

"आणि तू हे जाणून होतीस."

"मोजे धुते कोण तुमचे?"

आप्पांना हसायचं नव्हतं. तरी ओठ हललेच. ते धाकटीकडे वळले. "तू खोटं बोललीस. प्रभुभोजनाच्या कापडापुढे उभी राहून."

"हो. पण त्याशिवाय वाक्य बदलून मिळत नाही. नियम तुमचा आहे."

"वडिलांचा आहे," आप्पा म्हणाले. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि उपासनेत म्हणत तशा आवाजात म्हणाले, "तो मी."

"माझाही एका वाक्याचा हक्क आहे," ते म्हणाले आणि कागदावर पेन्सिल चालवली. 'एक तरुण स्त्री' खोडलं. वर लिहिलं: 'मी.' पुढचं सगळं आपोआप चुकीचं झालं. 'ती चलाख होती' जमेना, 'तिचे हात' जमेनात. थोरला त्यांच्या खांद्यावरून बघत होता. "आप्पा, हे पुरं नव्यानेच लिहावं लागेल," तो म्हणाला.

"लागेल. मी सांगतो. तू लिहून घे. मला आता माझ्या अक्षराचा भरवसा नाही."

"मी?"

"तुझ्यावर इतकं लिहिलंय मी. तू एकदा माझ्यावर लिही."

थोरला पेन्सिल घेऊन बसला. थोरलीने कापडाच्या चारी कडा जुळवून घडी घालायला घेतली. "ह्याचं काय करायचं?" तिने विचारलं. उत्तर कोणी देण्याआधी तिचं तिनेच दिलं. "पेला डागावरच ठेवतात. झाकला जाईल." आणि मग, धाकटीकडे न बघता, "तू बस गं. चहा गार होतोय तुझा. धाकटे भाऊजी, तुमच्या त्या दुकानावरच्या खोलीत न्हाणीघर तरी आहे का?"

"नाही," धाकटा म्हणाला.

"मग कशाला जाता?"

सोमवारी सकाळी आप्पा नेहमीच्या वेळी खाली आले. दोन्ही मोजे काळे होते. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली होती. थोरल्याने टेबलावरून उठण्याचा विषय काढला नव्हता. त्याने फक्त टेबल खिडकीच्या आणखी जवळ ओढून ठेवलं होतं आणि दुसऱ्या बाजूला एक खुर्ची टाकली होती. त्या खुर्चीवर धाकटी बसली होती. ड्रमपाशी बाह्या सरसावून धाकटा उभा होता.

रुग्णालयाच्या चादरींचं गाठोडं सोडलं. आप्पांनी वरची चादर उचलली, दोन्ही हातांनी ताणली, बोटांनी कडा तपासल्या. एके ठिकाणी शिवण उसवली होती. ते त्यांना बोटांनी कळलं. मग त्यांनी चादर टेबलावर पसरली.

"आहे का काही?" त्यांनी विचारलं.

धाकटीने पाहिलं. "आहे. उशीकडच्या टोकाला. लहानच आहे."

"गार," आप्पा म्हणाले आणि पुढची चादर उचलली.